जुन्या मोटरबोटीचा छडा : नंबर लाकडात असतो

१६ सप्टेंबर २०२३, शनिवार

बोट ताब्यात आली. मिशिगनमध्ये, सेंट क्लेअर तळ्यापासून अर्ध्या तासावरच्या एका कोठारात ती कित्येक वर्षं ताडपत्रीखाली पडून होती. लाकडी, साधारण बावीस फुटी, बाहेरून पांढरा ऑइलपेंट, मधोमध इंजिनाची पेटी. ट्रेलरसकट २,४०० डॉलर. ट्रेलरचे दोन्ही टायर चिरले होते, त्याचे २८० वेगळे.

नोंदणीच्या कागदावर लिहिलंय : बनवणारी कंपनी क्रिस-क्राफ्ट, साल १९५७. बाजूला 'क्रिस-क्राफ्ट' अशी चकचकीत अक्षरंही आहेत. दोन्ही गोष्टी पुरावा म्हणून सध्या बाजूला ठेवल्या. तशी अक्षरं आजही नवी विकत मिळतात आणि कुठल्याही बोटीवर लावता येतात. कागदावरचं साल बहुतेक वेळा कुणीतरी नोंदणी कचेरीच्या खिडकीपाशी उभं राहून अंदाजाने सांगितलेलं असतं.

कागदावरचा हल नंबर, म्हणजे बोटीच्या अंगावरचा ओळख-नंबर, 'एमआयझेड'ने सुरू होतो. आधी राज्याची दोन अक्षरं आणि मग झेड, म्हणजे तो कारखान्याचा नंबर नव्हे. बोटीला स्वतःचा नंबर सापडला नाही म्हणून राज्याने दिलेला आहे. अमेरिकेत प्रत्येक बोटीवर बारा अक्षरी हल नंबर हवा, हा नियम १ नोव्हेंबर १९७२ पासूनचा. त्याआधी प्रत्येक कारखाना आपल्या पद्धतीने नंबर टाकायचा आणि आपल्याला हवा तिथे टाकायचा. तो आता शोधायचा आहे.

बूड नव्याने बांधावं लागणार हे उघड दिसतंय. पण बोट कुठली हे नक्की झाल्याशिवाय एकही फळी विकत घ्यायची नाही आणि लाकूड घासायच्या सँडरला हात लावायचा नाही, असं ठरवलंय.

२३ सप्टेंबर

आज फक्त बघायचं काम केलं. टॉर्च, टेप आणि वही.

बाजूच्या फळ्या एकमेकींना कडेला कड लावून बसवलेल्या आहेत, पृष्ठभाग सपाट आहे. फळीवर फळी चढलेली असती तर आधी ओहायोच्या सँडस्कीतल्या लायमनचं किंवा विस्कॉन्सिनच्या थॉम्पसनचं नाव मनात आलं असतं. क्रिस-क्राफ्टनेही पन्नाशीच्या दशकात 'सी स्किफ' नावाने तशा बोटी काढल्या. ही त्यातली नाही.

दुसरी भीती किटची होती. पन्नाशीच्या दशकात क्रिस-क्राफ्ट घरी जोडायच्या बोटींची किट्स विकायची आणि कागदावरचं १९५७ त्या काळात नेमकं बसतं. तसं असतं तर कारखान्याच्या दप्तरात या बोटीचं नोंदकार्डच नसतं आणि शोध इथेच संपला असता. पण किट प्लायवुडची असत. इथे सगळीकडे भरीव लाकूड आहे. मागच्या कोपऱ्यात बूड कुजून उघडं पडलंय, तिथे सुरी घालून पाहिली. आत तिरकस बसवलेल्या पातळ पट्ट्यांचा थर, त्यावर काळं पडलेलं कापड, त्यावर लांब फळ्या. दुहेरी बूड. हे कारखान्यातलं काम आहे. मात्र त्या काळी दुहेरी बूड एकटी क्रिस-क्राफ्टच बांधत नव्हती, त्यामुळे एवढ्यावरून कारखाना ठरत नाही.

मांडणी युटिलिटीची आहे : पुढे छोटा डेक, बाकी बोट उघडी आणि इंजिन मधल्या पेटीत. रनअबाउट नावाच्या दुसऱ्या प्रकारात इंजिन डेकखाली लपलेलं असतं.

८ ऑक्टोबर

हे दोन आठवडे इंजिनाच्या मागे गेले.

पेटी उघडली तर आत सहा सिलिंडरचं ग्रे मरीन, फँटम मालिकेतलं. ग्रे मरीन डेट्रॉइटची कंपनी, तिची इंजिनं अनेक बोटवाले बसवायचे. क्रिस-क्राफ्टची रीत वेगळी होती. ते ओहायोतल्या कँटनच्या हर्क्युलिसचे ब्लॉक घ्यायचे, त्यांचं समुद्री इंजिन करायचे आणि त्यावर स्वतःचं नाव टाकायचे. त्यामुळे ग्रे मरीन दिसल्यावर संशय दोन नावांवर गेला : मॅनिस्टीतली सेंच्युरी आणि मेरीसव्हिलमधली गार वुड. दोन्ही मिशिगनच्याच. जुन्या कॅटलॉगांची छायाचित्रं जमवली, पुढच्या दांड्याचा बाक, खिडकीची चौकट, मागच्या फळीचा गोलावा हे सगळं ताडून पाहिलं. कशाशीच नीट जुळेना.

उत्तर इंजिनाखाली होतं. इंजिन ज्या दोन लांब जाड वाशांवर बसतं, त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. आताच्या बोल्टांपासून तीन-चार इंचांवर दोन्ही स्ट्रिंगरवर गोल ठिपके दिसले. तिथे लाकडी खुंट्या ठोकून भोकं बुजवलेली आहेत. इथे आधी दुसरं इंजिन होतं, त्याचे पाय वेगळ्या अंतरावर होते. म्हणजे ग्रे मरीन नंतर आलं. त्याच्या नंबरावरून इंजिनाचा जन्म कळेल, बोटीचा नाही.

कुणी हेच काम काढणार असेल तर इंजिनाच्या पाटीवर वेळ घालवण्याआधी स्ट्रिंगरवरची भोकं बघावीत. दोन आठवडे वाचतील.

२१ ऑक्टोबर

रंगाचं काम, पण काढायचं नाही, वाचायचं.

रात्री गॅरेजचे दिवे बंद केले आणि टॉर्च बाजूला अगदी चिकटवून आडवा धरला. पुढच्या भागावर आताच्या 'एमसी' या मिशिगनच्या नोंदणी नंबराखाली दुसऱ्या अक्षरांच्या कडा उठून दिसल्या. आधीचा नंबर न खरवडता त्यावर नवा रंग दिला की जुन्या अक्षरांची जाडी खाली राहते. आडव्या उजेडात ती सावली टाकते. सुरुवातीची दोन अक्षरं स्पष्ट : 'ओएच'. ओहायो.

यावरून कालखंडही थोडा आवळता येतो. अशी अक्षरं राज्यांनी द्यायला सुरुवात केली ती १९५८ च्या फेडरल बोटिंग कायद्यानंतर. त्याआधी नंबर केंद्राकडून मिळायचे, तटरक्षक दलाकडून, आणि त्यांची ठेवण निराळी होती. तेव्हा साठच्या दशकाच्या आसपास किंवा पुढे केव्हातरी ही बोट ओहायोत नोंदलेली होती.

मग पांढऱ्या रंगाचा प्रश्न. दुसऱ्या महायुद्धानंतर मॅहॉगनीचा तुटवडा होता, तेव्हा क्रिस-क्राफ्टने काही बोटी सीडरमध्ये बांधल्या आणि रंगवूनच विकल्या. ही त्यातली आहे का, हे कळलं तर साल जवळपास हाती येतं. मागच्या फळीवर, पट्टीआड झाकल्या जाणाऱ्या जागी, बोटाएवढा रंग स्क्रेपरने अलगद काढला. खाली तांबूस लाकूड आणि त्याच्या प्रत्येक छिद्रात गडद लाल-तपकिरी भरण. वॉर्निश करण्याआधी मॅहॉगनीची छिद्रं बुजवून रंग सारखा करायला हे फिलर-स्टेन घासतात. रंगाखाली दडवायचं असतं तर ही मेहनत कुणी केली नसती. म्हणजे बोट वॉर्निशची होती, पांढरा रंग नंतरचा.

ही मॅहॉगनी बहुधा 'फिलिपिन मॅहॉगनी' म्हणून विकली जाणारी. वनस्पतिशास्त्राप्रमाणे ती मॅहॉगनीच नाही, शोरिया जातीची झाडं आहेत. दुरुस्तीसाठी लाकूड घेताना हा फरक पोत आणि किंमत दोन्हींत जाणवतो, म्हणून लिहून ठेवतोय.

१२ नोव्हेंबर

नंबर सापडला. इंजिनपेटीच्या एका झाकणाच्या आतल्या बाजूला, तेलाच्या काळ्या थराखाली, आकडे उमटवायच्या लोखंडी पंचांनी ठोकलेला : यू-२२ आणि पुढे चार अंक.

यू म्हणजे युटिलिटी, २२ म्हणजे फूट. क्रिस-क्राफ्टचीच ही पद्धत, आणि यू-२२ म्हणजे त्यांची बावीस फुटी स्पोर्ट्समन. युद्धानंतर १९४६ पासून पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांपर्यंत ती बनत होती. कागदावरचं १९५७ इथेच गळून पडलं.

वाचायची पद्धत : आधी चिंधीवर मिनरल स्पिरिट घेऊन थर नरम केला आणि टिपून घेतला, घासला नाही. मग वर पातळ कागद धरून मऊ पेन्सिलीची बाजू फिरवली. डोळ्यांना दोन अंक दिसत होते, कागदावर चारही उमटले. वायर ब्रश, सँडपेपर, रंग काढायची रसायनं अजिबात नकोत. पंचाने उठलेल्या कडा केसाएवढ्या असतात आणि एकदा गेल्या की गेल्या.

क्रिस-क्राफ्टचं दप्तर सांभाळणाऱ्या म्युझियमला लगेच पत्र पाठवायचा मोह झाला. पण झाकण हा सुटा भाग आहे, म्हणून दुसऱ्या जागी तोच नंबर मिळेपर्यंत थांबलो. मागच्या बाकाची पाठीची फळी सोडवली. तिच्या मागे मेणखडूने आकडे लिहिलेले आहेत. कारखान्यात एका बोटीचे सुटे भाग एकत्र राहावेत म्हणून असं लिहीत. पण आकडे वेगळे! पहिले दोन अंक सारखे, पुढचे दोन निराळे आणि त्यातला शेवटचा पुसट, ३ किंवा ८.

आता एका बोटीवर दोन नंबर झाले. झाकणं बदलली जातात आणि बाकही बदलले जातात. सहसा न बदलणारी गोष्ट म्हणजे स्ट्रिंगर. तो बदलायचा तर निम्मी बोट सोडवावी लागते.

९ डिसेंबर

स्ट्रिंगरवर नंबराची जागा सापडली, पण तिथे पूर्वी कुणीतरी सँडर फिरवलाय. पहिले तीन अंक खडूतल्या आकड्यांशी जुळतात. घोडं अडलंय पुन्हा शेवटच्या अंकावर : ३ की ८? डावीकडचा भाग सपाट घासलेला. पेन्सिल फिरवली, खडूची पूड भरून पाहिली, मोबाइलवर फोटो काढून उजेड-अंधार कमी-जास्त केला. काही उपयोग झाला नाही.

गॅरेज उणे तापमानात आहे. छोटा हीटर लावूनही बोटं वळत नाहीत.

२३ डिसेंबर

सासरे कोल्हापूरहून सहा महिन्यांसाठी आलेत. त्यांचं आयुष्य उद्यमनगरात फाउंड्रीचे लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, बनवण्यात गेलं. त्यांना जागा दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला, बोटाचं टोक त्या अंकावरून दोनदा फिरवलं आणि म्हणाले, "अहो, आता घासू नका. ओलं फडकं ठेवा."

"बाबा, लाकूड तेल प्यायलंय. पाणी धरायचं नाही."

"मग तेल काढा की आधी. ठसा मारला की लाकूड कापलं जात नाही, खाली दबतंय. वरचं घासलं तरी दबलेलं दबलेलंच राहतंय. पाणी मिळालं की तेच फुगून वर येतंय. पॅटर्नवर हातोडीचा चट्टा पडला की आम्ही असंच उठवतो."

स्पिरिटने तीनदा तेल टिपलं आणि रात्रभर सुकू दिलं. सकाळी जुन्या पंच्याची घडी कोमट पाण्यात पिळून त्या जागेवर ठेवली, वर प्लॅस्टिक. बाबा स्टूल घेऊन शेजारीच बसले आणि दर दहा मिनिटांनी कोपरा उचलून बघत होते. तासाभराने फडकं काढलं, टॉर्च आडवा धरला. जिथे खोलगट रेघ असायला हवी तिथे बारीक उंचवटा उठला होता. डावीकडे वर एक कमान, खाली दुसरी, दोन्ही बंद. आठ.

दिवसभरात लाकूड सुकलं तसा उंचवटा बसत गेला, म्हणून ओलं असतानाच फोटो काढून घ्यावेत. शेजारी मोजपट्टी ठेवावी. आणि हा उपाय वरवर घासलेल्या ठशापुरताच आहे. दबलेला थरच रंध्याने गेला असेल तर काही वर येणार नाही.

पूर्ण नंबर मी कुठे देत नाही. नंबर उघडा टाकला तर त्यावर खोटे कागद तयार होऊ शकतात. सगळ्यांनीच ही काळजी घ्यावी.

६ जानेवारी २०२४

व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजच्या मॅरिनर्स म्युझियमला लिहिलं. क्रिस-क्राफ्टचं जुनं दप्तर त्यांच्याकडे आहे आणि त्यात हल कार्डं आहेत. प्रत्येक बोटीमागे एक कार्ड : हल नंबर, बसवलेल्या इंजिनाचा नंबर, बोट कधी आणि कुठे रवाना झाली, गादीचा रंग, जादा सामान. थोडी फी घेऊन ते प्रत देतात. फॅक्टरीच्या इंजिनाचा नंबर आपल्या हाती असेल तर तोही कळवावा. आमच्याकडे तो नव्हता, म्हणून हल नंबर, स्ट्रिंगरचे फोटो आणि कागदावरचं पेन्सिलीचं छापचित्र पाठवलं. झाकणावरचा दुसरा नंबर वेगळा लिहिला आणि तो वेगळा का, तेही सांगितलं.

२४ फेब्रुवारी

कार्डाची प्रत आली. जेवणाच्या टेबलावर ठेवून घरातल्या सगळ्यांनी वाचली.

साल १९४८. मॉडेल बावीस फुटी स्पोर्ट्समन. इंजिन क्रिस-क्राफ्टचं 'के', सहा सिलिंडर, ९५ अश्वशक्ती. गाद्या लाल. रवानगी ईरी तळ्याकाठच्या ओहायोतल्या एका विक्रेत्याकडे.

रंगाखालचं 'ओएच' आणि कार्डावरचं ओहायो जुळलं, तेव्हा खरा आनंद झाला. कारण दोन्ही पुरावे एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. नुसत्या कार्डावर मी समाधान मानलं नसतं. ठशातला एक अंक चुकीचा वाचला तरी कार्ड येतंच, फक्त ते दुसऱ्याच्या बोटीचं असतं. बाकाच्या मागच्या कप्प्यात, मूळ कापडाचा एक तुकडा खिळ्याखाली अडकून राहिला होता. धुतल्यावर लाल निघाला. त्यालाही पाकिटात घालून तारीख टाकून ठेवलंय.

'के' इंजिनाच्या पायांची मापं मिळवून स्ट्रिंगरवरच्या खुंट्यांवर धरून पाहिली. बसतात.

१३ एप्रिल

बर्फ गेलं. बाबांना घेऊन अल्गोनॅकला जाऊन आलो. सेंट क्लेअर नदीकाठचं छोटं गाव, आमच्यापासून तासाभरावर. क्रिस-क्राफ्ट इथली. तिचा संस्थापक क्रिस्टोफर कोलंबस स्मिथ हा इथलाच बोटी बांधणारा. पुढे स्वतःच्या नावाच्या बोटी काढणाऱ्या गार वुडने १९२० साली इंग्लंडात मोटरबोटींच्या शर्यतीचा हार्म्सवर्थ करंडक जिंकला ती 'मिस अमेरिका' स्मिथच्या कारखान्यात बांधली गेली. म्हणजे ऑक्टोबरात क्रिस-क्राफ्ट सोडून मी ज्या गार वुडवर संशय घेत होतो, तो आणि स्मिथ एकेकाळी एकाच नदीकाठी एकत्र काम करत होते. दुसऱ्या महायुद्धात कारखान्याने हौशी बोटी थांबवून सैनिक किनाऱ्यावर उतरवायच्या बोटी हजारोंनी बांधल्या. आमची बोट त्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. गावातल्या छोट्या म्युझियममध्ये बाबा बोटींपेक्षा हत्यारांच्या कपाटापाशी जास्त वेळ रमले.

मधल्या काळाचा इतिहास मात्र तुकड्यातुकड्यांत आहे. बूड सोडवताना एका आडव्या फ्रेमवर सुताराच्या पेन्सिलीने '७१' लिहिलेलं मिळालं, आणि तिथल्या फळ्यांचे स्क्रू बाकीच्यांहून वेगळ्या डोक्याचे. तेव्हा बूड एकदा दुरुस्त झालंय. ग्रे मरीनही त्याच वेळी आलं असेल असं वाटतं, कारण खुंट्यांवर आणि त्या नव्या फळ्यांवर एकाच रंगाचा प्रायमर आहे. जुन्या मालकांची नावं काढायचा प्रयत्न केला. नोंदणी कचेरीतून उत्तर आलं की इतके जुने कागद ठेवलेले नाहीत. मला बोट विकणाऱ्याला त्याच्या आधीचा एकच मालक ठाऊक होता. तो धागा तिथे तुटला आणि मी तो सोडून दिलाय.

'७१' लिहिलेली फ्रेम कुजकी आहे, बदलावीच लागेल. पण लिहिलेला तुकडा कापून, वाळवून, कार्डाच्या प्रतीबरोबर ठेवणार आहे.

११ मे

कागद दुरुस्त करायला दिलेत : साल १९४८, हल नंबर स्ट्रिंगरवरचा. सोबत कार्डाची प्रत, ओल्या ठशाचे फोटो आणि तपासणीचा अर्ज. राज्याने दिलेला जुना नंबर रद्द होऊ नये, नव्या नोंदीत त्याचा उल्लेख राहावा असं मुद्दाम लिहिलंय. नाहीतर पुढच्या मालकाला दोन बोटी आहेत असं वाटेल.

बोट आणि टायर सोडून ओळख पटवण्यावर झालेला खर्च दीडशे डॉलरच्या आत आहे. सगळ्यात महाग वस्तू वेळ, आणि तो बहुतेक इंजिनामागे गेला.

बुडासाठी लाकडाची ऑर्डर दिली. 'के' इंजिन शोधतोय. चालू स्थितीतलं मिळालं नाही तर ग्रे मरीनच राहील. निदान पन्नास वर्षं ते या बोटीत असावं असं सगळं सांगतंय आणि पहिल्याच चावीत फिरलं.

राहिलं ते इंजिनपेटीचं झाकण. ते दुसऱ्या कुठल्यातरी यू-२२ चं आहे. केव्हातरी कुणीतरी एका मोडलेल्या बोटीवरून काढून आमच्या बोटीवर बसवलंय, किंवा ती बोट अजून कुठेतरी परक्या झाकणासकट उभी आहे. म्हणून त्या झाकणाला सँडपेपर लावलेला नाही. नवीन झाकण आम्ही करून घेतोय, बाबांनी त्याचं माप काढलंय. जुन्याचा नंबर जुन्या बोटींच्या क्लबात कळवून ठेवलाय. ज्याच्या स्ट्रिंगरवर तो नंबर असेल त्याने फोटो दाखवावा आणि झाकण घेऊन जावं. पैसे नकोत.